सजग प्रवास

जबलपूरच्या विजय नगरातून निघालेले वाहन तासाभरात भेडाघाटला पोहोचते. अनेक प्रवासी धुवाँधार धबधब्याची घाईने छायाचित्रे काढतात आणि परततात. प्रवास घडतो, पाहणे मात्र राहून जाते.

याच जबलपूरचे चित्रकार व लेखक अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) यांची रीत निराळी होती. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ साली, ते नर्मदेच्या काठाने पायी निघाले. १,३१२ किलोमीटर लांबीच्या या नदीची परिक्रमा त्यांनी अनेक वर्षे, टप्प्याटप्प्याने केली. वाटेत ते थांबत, लोकांशी बोलत, रेखाचित्रे काढीत. चित्र काढायचे तर डोळ्यांबरोबर मनही तेथेच असावे लागते. यालाच सजगता म्हणतात.

जबलपूर ते मंडला या मार्गावरील काही काठ पुढे बरगी धरणाच्या जलाशयात बुडाले. आज ते तसे कोणालाही पाहता येणार नाहीत. वेगडांनी मन लावून पाहिले होते, म्हणून ते त्यांच्या शब्दांत आणि चित्रांत उरले.

सजग प्रवासाला दूर जावे लागत नाही. रोजच्या वाटेवरही तो घडू शकतो.

विचार करा : तुमच्या नेहमीच्या वाटेवरील कोणती गोष्ट तुम्ही अद्याप नीट पाहिलेली नाही?