अमेरिकेतील उद्योजक : जोखीम कोणाची?

उद्योजक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक कल्पक आणि धाडसी माणूस उभा राहतो. हे गुण त्याला लागतातच. परंतु प्रत्येक उद्योगाला आणखी एक प्रश्न चिकटलेला असतो. उद्योग बुडाला तर नुकसान कोणी सोसायचे? अमेरिकेच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर जसजसे बदलत गेले, तसतसे उद्योजकतेचे रूपही पालटले. या पाठात आपण त्याची ओळख करून घेणार आहोत.

स्वातंत्र्यापूर्वीच्या वसाहतींमध्ये व्यवसाय चालत ते मुख्यतः घरच्या पैशावर आणि ओळखीच्या माणसांवरील विश्वासावर. बेंजामिन फ्रँकलिन हे भावाच्या छापखान्यातील उमेदवारी टाकून १७२३ साली बॉस्टनहून निघाले आणि फिलाडेल्फियाला येऊन पोहोचले. तेथे स्वतःचा छापखाना उभा राहिल्यावर त्यांनी १७३१ मध्ये आपल्या एका कारागिराला दूर दक्षिणेला चार्ल्स्टन येथे धाडले. यंत्र आणि खिळे फ्रँकलिन यांचे, श्रम कारागिराचे. खर्चाचा तिसरा हिस्सा फ्रँकलिन यांनी द्यायचा व नफ्याचाही तिसरा हिस्सा घ्यायचा, असा हा सहा वर्षांचा करार होता. जोखीम दोघांची होती आणि दोघे एकमेकांना ओळखत होते.

फ्रेडरिक ट्यूडर यांची गोष्ट मात्र एकट्याने सोसण्याची आहे. बॉस्टनच्या परिसरातील तळी हिवाळ्यात गोठतात. तो बर्फ कापून उष्ण देशांत विकावा, असे या तरुणाने ठरवले. लोक हसले. बर्फ न्यायला कोणी जहाज देईना, तेव्हा त्यांनी स्वतःच एक जहाज विकत घेतले आणि १८०६ मध्ये मार्टिनिक बेटावर माल पोहोचवला. तेथे बर्फ साठवण्याची सोय नव्हती. व्यवहार तोट्यात गेला. कर्ज वाढले. त्या काळी कर्ज थकवणाऱ्याला तुरुंगात टाकत असत. १८१२ व १८१३ मध्ये ट्यूडर यांनाही तो अनुभव आला. तरीही त्यांनी धंदा सोडला नाही. लाकडाच्या गिरण्यांत फुकट पडून असलेला भुसा बर्फाभोवती दाबून भरला, तर तो सावकाश वितळतो, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांचे सहकारी नॅथॅनिएल वायेथ यांनी घोड्याने ओढायचे बर्फ कापण्याचे अवजार बनवले. त्यामुळे लाद्या एकसारख्या निघू लागल्या आणि जहाजात घट्ट बसू लागल्या. १८३३ मध्ये ‘टस्कनी’ हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले. चार महिन्यांच्या प्रवासात विषुववृत्त दोनदा ओलांडूनही सुमारे १०० टन बर्फ शिल्लक राहिला! मद्रासला या बर्फासाठी बांधलेली इमारत आजही उभी आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तेथे झाल्याने ती आता त्यांच्या नावाने ओळखली जाते.

ट्यूडर सावरले, पण अशा प्रसंगी सावरता न आलेल्यांची नावे इतिहासात सापडत नाहीत. म्हणूनच कायद्यातील बदल महत्त्वाचे ठरतात. न्यूयॉर्क राज्याने १८११ मध्ये कारखानदारीसाठी कंपनी स्थापण्याचा सर्वसाधारण कायदा केला. त्यामुळे प्रत्येक कंपनीसाठी विधिमंडळाकडून वेगळी सनद मिळवण्याची गरज उरली नाही. पुढे मर्यादित जबाबदारीचे तत्त्व रुजले. म्हणजे कंपनी बुडाली तर भागधारकाचे गुंतवलेले पैसे जातात, त्याचे घरदार नव्हे. १८९८ मध्ये दिवाळखोरीचा कायमस्वरूपी राष्ट्रीय कायदा झाला. आधीच्या काळात अपयश हा जवळजवळ गुन्हाच मानला जाई. आता पुन्हा आरंभ करता येऊ लागला. हेन्री फोर्ड यांची पहिली मोटार कंपनी १९०१ मध्ये बंद झाली. १९०३ मध्ये त्यांनी आजही चालू असलेली कंपनी काढली.

मात्र भांडवलदाराचा भार हलका झाला, म्हणून सगळ्यांचाच झाला असे नाही. अँड्र्यू कार्नेगी सूतगिरणीतील पोऱ्या म्हणून आठवड्याला १ डॉलर २० सेंट मिळवत होते. १९०१ मध्ये त्यांनी आपला पोलाद-व्यवसाय सुमारे ४८ कोटी डॉलरना विकला. हे यश थोर खरे. पण १८९२ मध्ये त्यांच्या होमस्टेड कारखान्यात वेतनकपातीवरून संघर्ष पेटला आणि त्यात माणसे मेली, हेही त्याच हिशोबात मांडले पाहिजे.

शिवाय ही दारे सर्वांना खुली नव्हती. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कुटुंबात १८६७ मध्ये जन्मलेल्या सारा ब्रीडलव्ह यांनी अनेक वर्षे लोकांचे कपडे धुतले. १९०६ पासून ‘मॅडम सी. जे. वॉकर’ या नावाने त्यांनी केसांची निगा राखणारी उत्पादने विकली आणि हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना विक्रेत्या म्हणून तयार केले. तरीही काही राज्यांत स्त्रीला व्यवसायासाठी कर्ज हवे असेल, तर पुरुष नातलगाची सही मागता येत असे. ही अट राष्ट्रीय कायद्याने दूर झाली, ती १९८८ मध्ये!

दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी एक वळण आले. १९४६ मध्ये जॉर्ज डोरिओ यांच्या पुढाकाराने एक गुंतवणूक संस्था निघाली. तारण न मागता नव्या कंपनीत हिस्सा घ्यायचा, ही तिची पद्धत. १९५७ मध्ये तिने डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत ७०,००० डॉलर गुंतवले आणि त्याचे पुढे कोट्यवधी डॉलर झाले. अशा गुंतवणूकदाराचे गणित वेगळे असते : अनेक कंपन्या बुडाल्या तरी एखादी सर्वांची भरपाई करते. पुण्यात जन्मलेले विनोद खोसला यांनी तिघांच्या साथीने १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स स्थापन केली, ती याच वातावरणात.

एकविसाव्या शतकात मोबाइलवरून टॅक्सी मागवण्याच्या कंपन्या आल्या. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील मतदारांनी अशा चालकांना कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानण्याच्या बाजूने कौल दिला. २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा कायम ठेवला. गाडी चालकाची, तिचे हप्ते व दुरुस्तीही चालकाची. भाड्याचा दर मात्र सहसा कंपनी ठरवते.

स्वाध्याय
चार्ल्स्टनचा कारागीर आणि आजचा टॅक्सीचालक यांच्या व्यवहारांची तुलना करा. दोघांपैकी कोणाला तुम्ही उद्योजक म्हणाल? सकारण लिहा.