मोटरच्या कपॅसिटरमधला चार्ज जातो कुठे?

प्रश्न : उन्हाळी धानाची सिंगल फेज मोटर कधीची बंद होती, तरी कपॅसिटरने झटका दिला. आत तर प्लास्टिकच असतं ना? – एक शेतकरी, पवनी (जि. भंडारा)

उत्तर : हो, काही मायक्रोमीटर जाडीची पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असते. तांब्यात इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात. फिल्ममध्ये ते रेणूंच्या साखळ्यांतल्या दोषांपाशी अडकतात आणि उष्णतेचा जोर मिळाला तरच पुढच्या जागी उडी मारतात. म्हणून चार्ज फार हळू झिरपतो, मे महिन्यात जरा लवकर. टोकं जोडून रिकामा केला तरी अडकलेला थोडा चार्ज मागाहून सुटतो. त्यामुळे मेन स्विच पाडा, दोन्ही टोकांना साधा पिवळा बल्ब लावा (एलईडी नको), मीटरवर शून्य बघा, मगच हात घाला. जिवाशी खेळू नका.