टेम्पोचा मागचा दिवा आणि आमचा परिपथाचा पाठ



परिपथाचा पाठ आपण बहुतेक जण सारखाच घेतो. एक सेल, दोन वायरी, एक छोटा बल्ब, एक कळ. बल्ब पेटला की वर्गात एकदम ‘हेऽऽ’ होतं, मुलं वहीत आकृती काढतात आणि पुढचा पाठ सुरू. मीसुद्धा कितीतरी वर्षं असंच केलं. यंदा मात्र माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीने कंपासपेटीतून बोटभर लांबीची, काळी पडलेली वायर काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

“बाई, आमच्या टेम्पोची जळली. बाबा म्हणतात, लाइट जास्त झाल्या म्हणून. पण लाइट जास्त झाल्या तर वायर का जळेल? बल्ब जळायला पाहिजे ना?”

प्रश्न बघा कसा आहे! मला लगेच नीट उत्तर देता आलं नाही, हे कबूल करते. म्हटलं, बाबांना वेळ असेल तेव्हा शाळेत घेऊन ये.

तिचे बाबा पिकअप चालवतात. रात्री वाशीच्या मार्केटमधून भाजी भरायची, ऐरोली पुलावरून मुलुंडला यायचं आणि उजाडेपर्यंत दुकानांना माल टाकायचा. मुलुंड पश्चिमेच्या जुन्या भागातले रस्ते सरळ आणि एकमेकांना काटकोनात छेदणारे आहेत, पण दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. वळवायला जागा नाही, त्यामुळे गल्लीत बऱ्याचदा मागे मागेच शिरावं लागतं. आता एक गोष्ट लक्षात घ्या. जानेवारीत मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास. सकाळच्या सत्राची मुलं त्याआधीच घराबाहेर पडतात. म्हणजे टेम्पो अंधारात मागे येत असतो आणि त्याच अंधारात आपली मुलं दप्तर घेऊन चाललेली असतात.

अशाच एका सकाळी ते टेम्पो मागे घेत होते. समोरचा दुकानदार जोरात ओरडला म्हणून ब्रेक दाबला. उतरून बघतात तर मागे पहिली-दुसरीतलं एक पोर खाली बसून बुटाची नाडी बांधत होतं. “आरशात काहीच दिसत नव्हतं, बाई. कंपनीची लाइट एवढीशी. त्याच दिवशी ठरवलं, मागे दोन मोठ्या लाइट लावायच्या.”

लावल्या. एका गॅरेजवाल्याने ५५ वॅटचे दोन हॅलोजन मागे बसवले आणि त्यांच्या वायरी कंपनीच्या रिव्हर्स दिव्याच्या वायरला पिळून, वरून टेप गुंडाळून दिली. कल्पना तशी चुकीची नव्हती. गिअरबॉक्सवर एक छोटा स्विच असतो. रिव्हर्स गिअर पडला की तो आतून दाबला जातो, परिपथ पूर्ण होतो आणि मागचा पांढरा दिवा लागतो. त्याच वायरला आणखी दिवे जोडले तर तेही त्याच वेळी लागणार. लागलेही. पण माल उतरवताना उजेड हवा म्हणून ते चावी चालू ठेवून गाडी रिव्हर्समध्येच टाकून ठेवायचे. मग पाच-दहा मिनिटांनी फ्यूज उडायचा. दोन-तीन वेळा असं झाल्यावर कुणीतरी लाल फ्यूज काढून हिरवा बसवून दिला. फ्यूज उडायचा बंद झाला आणि सगळे खूश. मग एका रात्री जळका वास आला.

हा सगळा प्रकार मी त्यांनाच वर्गात सांगायला लावला. “मी काय सांगणार बाई, दहावी पण झालो नाही,” असं म्हणत उभे राहिले आणि अर्धा तास बोलले. गिअरबॉक्सवरचा स्विच मला त्यांच्याकडूनच कळला.

मग आम्ही फळ्यावर गणित मांडलं. एकच सूत्र पुरतं : वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. कंपनीचे मागचे बल्ब दोन, प्रत्येकी २१ वॅट. ४२ भागिले १२, म्हणजे साडेतीन अँपिअर. आता हॅलोजनचे ११० वॅट त्यात मिळवा. १५२ भागिले १२, म्हणजे साडेबाराच्या थोडे वर. लाल फ्यूज असतो १० अँपिअरचा. तो का उडत होता, हे मागच्या बाकावरून ओरडून सांगितलं गेलं. हिरवा फ्यूज ३० अँपिअरचा. म्हणजे साडेबारा अँपिअर त्याच्या दृष्टीने काहीच नाही, तो शांत बसून राहिला. वायर मात्र तीच, साडेतीन अँपिअरसाठी टाकलेली.

इथे थांबा आणि मुलांना वर्ग आठवायला सांगा, गणितातला वर्ग. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. इथे प्रवाह साडेतीन पटींहून जास्त झाला, म्हणजे उष्णता सुमारे तेरा पट! त्यातही जिथे वायर नुसती पिळून टेप लावलेली असते तिथे तांब्याला तांबं नीट टेकत नाही, रोध वाढतो आणि तीच जागा सर्वांत जास्त तापते. त्या मुलीने आणलेला तुकडा नेमका त्या जोडाचाच होता. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिनेच दिलं : “बल्बला जेवढं पाहिजे तेवढंच त्याने घेतलं. दोन्ही बल्बांचं ओझं वायरने उचललं.” यापेक्षा चांगलं वाक्य मला सुचलं नसतं.

आणखी एक गंमत. हॅलोजन लावूनही उजेड पिवळटच पडतो, ही त्यांची तक्रार होती. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची पाच मीटर तांब्याची वायर धरली, तर एवढा प्रवाह जाताना वाटेतच दोन व्होल्टपेक्षा जास्त खर्च होतात. दिव्यापर्यंत १२ पोचतच नाहीत. पैसे मोठ्या दिव्याचे, उजेड छोट्या दिव्याचा!

मग बरोबर जोडणी कशी? त्यासाठी रिले लागतो. मुलांना रिले समजावताना मी शाळेचंच उदाहरण घेतलं. मुख्याध्यापक स्वतः घंटा वाजवत नाहीत. ते शिपाईकाकांना नुसती खूण करतात, घंटा काकांच्या हाताच्या ताकदीने वाजते. रिव्हर्स दिव्याच्या बारीक वायरने फक्त खूण करायची, ताकद थेट बॅटरीकडून यायची. रिलेच्या आत तारेचं वेटोळं असतं. त्यातून थोडासा प्रवाह गेला, एक पंचमांश अँपिअरच्या आसपास, की ते चुंबक बनतं, लोखंडी पट्टी टक् करून ओढतं आणि दुसरा, मोठा परिपथ जोडला जातो. विजेच्या प्रवाहामुळे होकायंत्राची सुई हलते हे ऑर्स्टेडने १८२० मध्ये दाखवलं आणि जोसेफ हेन्रीने १८३५ च्या सुमारास त्यावरून रिले बनवला. आठवीच्या ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ या पाठात विद्युतघंटा येते ना, तिचाच हा सख्खा भाऊ.

बाजारातल्या साध्या रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात. ३० नंबरला बॅटरीच्या धन टोकाकडून येणारी जाड वायर, ८७ वरून दिव्यांकडे. ८६ ला कंपनीच्या रिव्हर्स दिव्याच्या वायरवरून घेतलेली खूण आणि ८५ गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, म्हणजे अर्थला. दिव्यांची दुसरी वायरसुद्धा सांगाड्यालाच, रंग खरवडून उघड्या लोखंडावर, नटबोल्टने घट्ट. बॅटरीचं ऋण टोक सांगाड्याला जोडलेलं असतं, त्यामुळे अख्खी गाडीच परतीची वायर होते. (मुलांना हे ऐकून फार आश्चर्य वाटतं. “म्हणजे टेम्पोच वायर आहे?”) अडीच चौरस मिलिमीटरची वायर, आणि ११० वॅटच्या दिव्यांसाठी निळा, १५ अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, दिव्याजवळ नाही. कारण मधेच वायर घासून सांगाड्याला टेकली, तर फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला वाचवणारं कुणी नसतं.

हे काम मुलांनी किंवा आपण करायचं नाही, जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायचं, तेही आधी बॅटरीची ऋण वायर काढून. आपण ते समजून घ्यायचं ते एवढ्यासाठी, की तो काय करतोय हे उभं राहून विचारता यावं.

वर्गात मात्र हे सगळं सेलवर करता येतं. मोठ्या खिळ्यावर इनॅमलची तांब्याची तार शंभरेक वेढे गुंडाळली, दोन सेल जोडले आणि पत्र्याच्या डब्यातून कापलेली पट्टी खिळ्याच्या टोकाजवळ धरली. पट्टी ओढली गेली की दुसऱ्या सेलवरचा छोटा बल्ब लागतो. आमचा पहिला प्रयत्न फसला, कारण पट्टीवरचा रंग खरवडायला विसरलो. तार तापते, म्हणून दोन-तीन सेकंदच जोडायची. फ्यूजसाठी पोळ्या गुंडाळायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी घ्या, मध्यभागी कापून केसाएवढी बारीक करा आणि दोन अल्कलाइन सेलच्या टोकांना लावा. बारीक जागी चट्कन तुटते. हा प्रयोग शिक्षकांनीच, स्टीलच्या ताटात करायचा. घरातल्या प्लगजवळ यातलं काहीही नाही, हे मुलांकडून तीनदा म्हणून घ्या.

सगळ्यात जास्त मुलांच्या मनात बसला तो मैदानावरचा खेळ. एका शनिवारी शाळा सुटल्यावर टेम्पो मैदानात आला. इंजिन बंद, चावी माझ्या हातात. बाबा चालकाच्या जागेवर बसले आणि मुलांनी मागे एकेक दप्तर ठेवायला सुरुवात केली. कुठलं दिसतं ते त्यांनी आरशात बघून सांगायचं. बाजूची दिसली. मधली, फाळक्याजवळची एकही दिसली नाही. नऊ दप्तरं होती तिथे. मग मीही चालकाच्या जागेवर बसून बघितलं. मला सहासुद्धा बाजूची सापडली नाहीत. नवीन प्रवासी मोटारींना १ जुलै २०१९ पासून मागचे सेन्सर सक्तीचे झाले, पण आपल्या गल्लीत रोज येणाऱ्या जुन्या टेम्पोंना आरसा, दिवा आणि क्लीनरचा आवाज एवढाच आधार आहे.

एका मुद्द्यावर माझं आणि बाबांचं थोडं वाजलं. त्यांना दिव्यांसाठी डॅशबोर्डवर वेगळा स्विच हवा होता, माल उतरवताना सोय म्हणून. मी नाही म्हटलं. मागे पांढरा उजेड फक्त गाडी मागे घेतानाच चालतो. स्विच चालू राहिला तर मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत तो रस्ताभर जाणार, आणि पांढरा दिवा दिसला की गाडी मागे येतेय असंच लोक समजणार. त्यांचीही अडचण खरी होती, अंधारात क्रेट मोजायचे कसे? शेवटी हौद्याच्या आत, खाली तोंड करून एक छोटा एलईडी वेगळा लावायचं ठरलं. मागचे हॅलोजनही काढले. त्यांच्या जागी १८ वॅटचे दोन एलईडी आले, जमिनीकडे झुकवलेले. ३६ भागिले १२, तीन अँपिअर. हे गणित मुलीने घरीच करून आणलं होतं आणि फ्यूज ५ अँपिअरचा पुरेल असंही लिहिलं होतं. गाडीत मुळात नसलेलं काहीही बसवण्याआधी आरटीओचे नियम विचारून घ्यावेत, हेही तिथेच बोलणं झालं.

पाठ संपल्यावर गृहपाठ एकच दिला : घरी रिक्षा, टेम्पो, स्कूटर असेल तर मोठ्यांना फ्यूजचा डबा उघडायला सांगा आणि रंग लिहून आणा. बावीस जणांनी आणले. एकाच्या काकांच्या रिक्षात फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पट्टी दुमडून बसवलेली निघाली. काकांनी ती स्वतःच काढून त्याच्याकडे दिली. आता ती आमच्या विज्ञान कोपऱ्यात, त्या काळ्या वायरच्या शेजारी चिकटवलेली आहे.