जोत्तोचा मनोरा आणि कर्तृत्वाचा प्रश्न

फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलशेजारचा घंटामनोरा ‘जोत्तोचा मनोरा’ म्हणून ओळखला जातो. १३३४ मध्ये नगराने जोत्तो या विख्यात चित्रकाराला कॅथीड्रलच्या कामाचा प्रमुख नेमले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मनोऱ्याचा पाया घातला गेला. जानेवारी १३३७ मध्ये जोत्तो निवर्तला, तेव्हा सर्वांत खालचा टप्पाच काय तो उभा होता. मनोऱ्याची उंची सुमारे ८५ मीटर आहे. मग हे नाव कोणत्या अर्थाने खरे मानावे?

जोत्तोनंतर आन्द्रेआ पिसानोने त्याच्या योजनेला धरून पुढील बांधकाम केले. पायथ्याशी असलेले षट्कोनी शिल्पपट बहुतांशी त्याचे व त्याच्या कर्मशाळेचे. आदम-हव्वेच्या निर्मितीपासून आरंभ होऊन त्यांत नांगरणी, विणकाम, नौकानयन, वैद्यक अशा मानवी उद्योगांचे चित्रण येते. कॅथीड्रलच्या बांधकामाची व्यवस्था लोकर-व्यावसायिकांच्या श्रेणीकडे होती, हे ध्यानी घेता विणकामाला मिळालेले स्थान अर्थपूर्ण ठरते. व्याकरण, तर्क इत्यादी विषयांचे पाच पट लूका देल्ला रोब्बियाने तब्बल शतकानंतर, १४३७ ते १४३९ या काळात घडविले.

१३४८ च्या महामारीने काम खंडित झाले. त्यानंतर फ्रान्चेस्को तालेन्तीने १३५९ पर्यंत वरचे तीन टप्पे पूर्ण केले. यांतील प्रत्येक टप्पा खालच्याहून मोठा आहे. त्यामुळे खालून पाहणाऱ्यास ते जवळजवळ सारखे भासतात. सिएना येथील ज्या चर्मपत्रावरील आराखड्यात अनेक अभ्यासक जोत्तोची योजना पाहतात, त्यात मनोऱ्यावर निमुळते शिखर आहे. तालेन्तीने ते गाळून सपाट सज्जा बांधला.

असे असले तरी पांढऱ्या, हिरव्या व तांबूस संगमरवराची जी रंगसंगती जोत्तोच्या टप्प्यात दिसते, ती माथ्यापर्यंत टिकली. उत्तराधिकाऱ्यांनी रचना बदलली. आरंभीची शिस्त मोडली नाही. जोत्तोचे समकालीन नामदेव (१२७०–१३५०) यांच्या गाथेत विष्णुदास नामा या उत्तरकालीन कवीची रचना मिसळली आहे, याचे येथे स्मरण होते. मात्र तेथे ‘नामा’ ही मुद्रा काव्याच्या अंगातच आहे. येथे नाव लोकव्यवहाराने दिले. गाथेच्या अभ्यासकाला भाषेच्या आधारे काळाचे थर वेगळे करावे लागतात, मनोऱ्याचे थर दगडातच दिसतात. म्हणून ‘जोत्तोचा’ ही षष्ठी संपूर्ण कर्तृत्वाची न मानता आरंभाची मानणे अधिक युक्त होय.