कोपऱ्यातले टेबल आणि नव्वद अंशांची परीक्षा

आपल्या वाशिम, रिसोड, कारंजा या गावांतल्या बहुतेक घरांत अभ्यासाला वेगळी खोली मिळणे कठीणच. पण खोलीचा एखादा कोपरा बहुधा मोकळा असतो. भिंतीलगत चौकोनी टेबल मांडले तर ये-जा अडते. कोपऱ्यात त्रिकोणी टेबल मांडले तर तितकी अडत नाही. असे टेबल घरी करता येते. मात्र फळीला करवत लावण्याआधी एक प्रश्न विचारा : हा कोपरा काटकोनी आहे का?

“असणारच की!” असे म्हणण्याची घाई करू नका. 1998 साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या आपल्या जिल्ह्याचा बराच भाग काळ्या मातीचा आहे. बेसॉल्ट खडक झिजून झालेली ही माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पायाच्या घराच्या भिंतीही मग तिच्यासोबत थोड्या थोड्या हलतात. एखादी कलते, एखादीला तडा जातो. शिवाय कित्येक घरांची आखणी मुळातच नजरेच्या अंदाजाने झालेली असते.

तेव्हा परीक्षा घेऊ. जमिनीलगत नव्हे, तर टेबल जितके उंच हवे त्या उंचीवर, कारण भिंत कललेली असेल तर खालचे माप वर चालणार नाही. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 90 सें.मी. आणि दुसरीवर 120 सें.मी. अंतरावर खूण करा. दोन खुणांमधले सरळ अंतर 150 सें.मी. भरले तर कोपरा काटकोनी. हे गवंड्याचे तीन-चार-पाचचे माप. यज्ञवेदी आखण्यासाठी शुल्बसूत्रांतही ते सांगितलेले आहे. तुम्ही ते पायथागोरसच्या सिद्धांतात शिकला आहात.

समजा, अंतर 152 सें.मी. भरले. दोनच सेंटिमीटर जास्त, त्यात काय एवढे? गणित करून पाहा : कोपरा सुमारे 91.6 अंशांचा येतो. त्यात 90 सें.मी. बाजूचे काटकोनी टेबल एका भिंतीला टेकवले, तर दुसऱ्या भिंतीशी टोकाला अडीच सेंटिमीटर फट पडते. पेन्सिल, रबर, कंपास सगळे त्यातून खाली! अंतर 150 पेक्षा कमी भरले तर टेबलाचे टोक कोपऱ्यात पूर्ण शिरणारच नाही.

यावर उपाय म्हणजे आधी पुठ्ठ्याचा नमुना करणे. पुठ्ठा त्याच उंचीवर कोपऱ्यात आडवा धरा. लाकडाच्या लहान ठोकळ्याला पेन्सिल बांधा आणि ठोकळा भिंतीवरून सरकवत न्या. भिंतीचे पोट, खळगे सगळे पुठ्ठ्यावर उमटेल. त्या रेषेवर पुठ्ठा कापून बसवून पाहा आणि मगच फळीवर आखा.

कोपरा काटकोनी निघाला तर नशीबच म्हणायचे. 90 सें.मी. बाजूचा चौरस कर्णावर कापला की दोन टेबले होतात, एक ताईला, एक तुम्हाला. प्लायवुडच्या 8 फूट × 4 फूट शीटमधून असे दोन चौरस निघतात. टेबलाची दोन्ही टोके 45 अंशांची, म्हणजे टोकदार असतात आणि येता-जाता लागतात. भिंतीवर 10 सें.मी. मोजून ती भिंतीशी काटकोनात छाटा. पुढची कड 127 सें.मी.ऐवजी सुमारे 99 सें.मी. उरते; वही-पुस्तकाला ती पुरेशी आहे.

मातीच्या भिंतीत स्क्रू टिकत नाही, म्हणून पायच लावू : एक मागच्या कोपऱ्यात, दोन पुढे. चौथा पाय नको. तीन बिंदूंतून एक प्रतल नेहमीच जाते, त्यामुळे शहाबादी फरशी उंचसखल असली तरी तीन पायांचे टेबल डुगडुगत नाही. पुढचे पाय अगदी कडेशी घ्या. ते आत घेतले आणि तुम्ही कडेवर कोपरे रोवून भार दिला, तर टेबल पुढे कलंडेल.

फळीची जाडी किती हवी? वाकणे जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. 12 मि.मी.ऐवजी 19 मि.मी. घेतली की वाकणे जवळजवळ चौथाईवर येते. पातळच फळी मिळाली तर पुढच्या कडेखाली 5 सें.मी. रुंदीची पट्टी उभी ठोका. सागाची जुनी फळी असल्यास उत्तमच, पण ती पावसाळ्यात आडव्या दिशेने फुगते. प्लायवुडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते फारसे फुगत नाही. करवत चालवताना घरातले मोठे माणूस किंवा गावचा वाढई जवळ असू द्या.

टेबलाची उंची पुस्तकात शोधू नका. खुर्चीवर ताठ बसा, हात कोपरात काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा, तीच उंची. मांडी घालून बसणार असाल तरी रीत हीच. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने खिडकी डावीकडे येईल असा कोपरा निवडावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही.

टेबल भिंतीला अगदी घट्ट भिडवू नका, अर्धा सेंटिमीटर सोडा. भिंतीवरच्या खुणाही पुसू नका. मे महिन्यात आणि पुन्हा सप्टेंबरात त्यांच्यातले अंतर मोजून वहीत टिपा. काळ्या मातीने तुमच्या घराची भिंत हलवली का, ते त्या दोन आकड्यांवरून पाहता येईल.