त्रास नाही, मग बीपीची गोळी कशाला?

प्रश्न : वय ४६. शिबिरात बीपी १५६/९८ निघालं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. तरी गोळी लागेल का?

उत्तर : बहुतेकांना उच्च रक्तदाब जाणवतच नाही, तो मोजूनच कळतो. मात्र एकाच मोजणीवरून निदान करू नका. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू टाळा. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत. पट्टा बाहीवरून बांधू नका. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोनदा मोजून आकडे लिहून ठेवा. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल, तर निदान पक्कं समजा. गोळीचा निर्णय डॉक्टर घेतील.

दुर्लक्ष केल्यास हृदयाची भिंत जाड होते, मूत्रपिंडं आणि डोळ्यांचा पडदा खराब होतो, पक्षाघाताचा धोका वाढतो. लघवी, क्रिएटिनिन, ईसीजी तपासून घ्या. दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा. त्यात पापड-लोणचंही आलं. आकडा उतरला म्हणून गोळी मनाने थांबवू नका.

छातीत दुखणं, धाप लागणं, बोलणं अडखळणं किंवा हातपाय लुळे पडणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच रुग्णालय गाठा.