आधी फळी, मग मशीन

दादर, मे अखेर

सागर,

तुझा फोन आला तेव्हा मी फारसं बोललो नाही, कारण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतोस आणि मोकळा होतोस. म्हणून कागद घेतला. दारुखान्याच्या जुन्या बाजारात 9.9 हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक मशीन स्वस्तात मिळतंय आणि ते आबांच्या होडीला लावायचं तुझ्या मनात आहे. मशीन लाव, माझी ना नाही. पन्नाशीत वल्ही मारणाऱ्याचे खांदे रात्री कसे ठणकतात ते आपल्या घरात सगळ्यांनी पाहिलंय. पण ते 9.9 घेऊ नकोस. आणि कुठलंही घेण्याआधी ते बसणार कुठे, ते ठरव.

होडी वीस फुटांची, दोन्ही टोकांना निमुळती. ती वल्ह्याला आणि शिडाला बांधलेली आहे. अशी होडी पाणी कापत जाते, स्पीडबोटीसारखी पाण्यावर चढत नाही, आणि तिचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. वीस फुटांना सहा नॉटच्या आसपास हद्द आली. पुढे कितीही घोडे जुंप, मागे लाट उठेल, बूड खाली बसेल आणि पेट्रोल जळेल. सहा नॉटला पाच हॉर्सपॉवर पुष्कळ झाले. 1909 साली अमेरिकेत ओले एव्हिनरूडने विकायला काढलेलं आउटबोर्ड, म्हणजे असंच होडीबाहेर टांगायचं मशीन, दीड हॉर्सपॉवरचं होतं, आणि त्यावर लोकांच्या वल्ह्याच्या होड्या चालल्या. शिवाय पाचचं मशीन वीस-बावीस किलोंचं, तर 9.9 पस्तीस-चाळीसच्या घरात जातं. हे वजन होडीच्या पोटात बसत नाही, मागे टांगलं जातं, आणि त्याला लागूनच तू बसणार.

कोणी सुतार म्हणेल, मागचं टोक कापून सपाट फळी ठोकून देतो. त्याला चहा पाज आणि परत पाठव. दोन्ही बाजूंच्या फळ्या त्या टोकाशी येऊन एका खांबाला मिळतात. खांब कापला की त्यांना धरणारं काही राहत नाही. हल्लीच्या फायबरच्या होड्यांना मागे सपाट फळी साच्यातच असते, त्यांची गोष्ट वेगळी. सिंधुदुर्गातल्या होडीला एका अंगाला उलांडी असते, ती तोल सांभाळते; तुझ्या होडीला तोही आधार नाही. तेव्हा मशीन बाजूलाच लागेल, पण बेताचं आणि नीट.

आता नीट वाच. सागवानाचा एक आडवा तुकडा दोन्ही काठांवरून आरपार टाकायचा, मागच्या टोकापासून अडीच-तीन फूट पुढे. काठाखाली आतून दुसरा तुकडा द्यायचा, दोघांच्या चिमटीत काठ धरायचा आणि बोल्टने आवळायचा. काठाला भोक पाडायचं नाही. वरचा तुकडा चौकोनी वासा नको, पसरट हवा, निदान सहा इंच रुंद. का, ते सांगतो. पंखा होडीला ढकलतो तो या तुकड्याच्या दीड-दोन फूट खालून. त्यामुळे तुकडा स्वतःभोवती फिरायला बघतो, आणि अरुंद असला तर महिन्याभरात काठ चावून काढतो. दुसरं, मशीनचा सगळा जोर पुढे असतो. तो नुसत्या बोल्टांवर सोडू नकोस. तुकड्याच्या पुढच्या अंगाला, होडीच्या बरगडीला टेकवून दोन्हीकडे ठोकळे बसव, म्हणजे धक्का होडीच्या अंगावर जाईल.

तुकड्याचं एक टोक काठाबाहेर वीतभर काढायचं आणि त्याला उभी फळी लावायची, दीड इंच जाडीची. मशीनचे दोन स्क्रू त्या फळीला चावतात. फळीचं खालचं टोक होडीच्या अंगाला टेकू दे, मध्ये जुन्या टायरचा तुकडा घाल. कुठल्या बाजूला? जाळं ज्या अंगाने ओढतोस त्याच्या उलट्या. डावीकडे बसवलंस तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उजवीकडे ओढेल, उजवीकडे बसवलंस तर डावीकडे. मशीनचा हातातला दांडा किंचित वळता धरलास की ती सरळ जाईल. दोन दिवसांत हाताला कळतं. बर्फाची पेटी मशीनच्या उलट्या अंगाला, जरा पुढे ठेव, म्हणजे तोल राहील.

उंचीत मात्र ‘साधारण’ चालत नाही. पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी असते. होडी भरलेली असताना ती पट्टी होडीच्या तळापेक्षा इंचभर खाली आली पाहिजे. वर राहिली तर लाटेत पंखा हवा खातो, मशीन किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. फार खाली गेली तर पाणी अडतं आणि मशीनच्या डोक्यावर शिंतोडे उडतात. एवढी लहान आउटबोर्ड बहुतेक दोन मापांत येतात, आखूड दांड्याचं 15 इंच आणि लांब दांड्याचं 20 इंच. दुकानदार हातात असेल ते खपवतो, म्हणून माप आपण घेऊन जायचं. मशीन पाण्यात उभं राहिलं पाहिजे. खालचं टोक होडीकडे झुकलं तर नाळ खाली दबते, बाहेर गेलं तर नाळ वर उचलते. त्यासाठी खीळ बदलायची भोकं मशीनलाच असतात.

बोल्ट नागदेवी स्ट्रीटवर स्टेनलेसचे घे, 316 नंबरचे. गॅल्वनाइजचे आपल्या पाण्यात टिकत नाहीत. लाकूड रे रोडला बघून घे. आणि मशीनला जाड दोरी बांधून ती होडीच्या अंगाला अडकव, मशीनच्या स्क्रूंवर विश्वास ठेवू नकोस. ते थरथरून सैल होतात, आणि दोरी नसली तर तळाशी गेलेलं मशीन शोधायला पाणबुडे लावावे लागतात.

चालवताना उभं राहून दोरी ओढायची नाही, बसून ओढ. मशीन बंद करायची लाल दोरी मनगटात हवीच. तू पाण्यात पडलास आणि होडी चालत राहिली तर ती तुझ्यासाठी परत येणार नाही. सुरू झाल्यावर मागून पाण्याची धार पडते का ते बघ. पडत नसेल तर आत प्लास्टिकची पिशवी अडकली असं समज आणि ताबडतोब बंद कर. तुझ्या गिरगाव चौपाटीला उतार कमी आहे, म्हणून पाणी कमरेएवढं आलं की मशीन बंद करून वर उचल. विसर्जनानंतर तर जपूनच. मूर्तींचे सांगाडे आणि लोखंडी सळया वाळूत रुतलेल्या असतात, त्या पंख्याचं पातं एका फटक्यात मोडतात.

टू-स्ट्रोकला 1 लिटरला 20 मिलि तेल. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून आठवडाभर होडी काढायची नसेल तर कार्बोरेटर रिकामा कर. रोज आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात मशीन पाच मिनिटं चालव. पेट्रोलचा डबा चाळीच्या खोलीत ठेवायचा नाही, हे मी सांगायला नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. मशीन बसलं की होडी बिगर-यांत्रिक राहत नाही. मत्स्यव्यवसाय खात्याकडे नोंद बदलून घे. आणि 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी पारंपरिक बिगर-यांत्रिक होड्यांना लागू नसते, ती सवलत तुझी जाईल. आबा पावसातही उघडीप बघून काठाकाठाने जाऊन यायचे, ते तुला मशीन लावून करता येणार नाही. हा तोटा हिशेबात धर.

मशीन आलं म्हणून वल्ही विकू नकोस. वरळीच्या कोळ्यांनी कोस्टल रोडच्या, होड्यांच्या वाटेवरच्या दोन खांबांमधलं अंतर 60 मीटरवरून 120 करून घेतलं, त्यासाठी काम अडवून बसले. शहरातल्या लोकांना वाटलं, एवढी जागा कशाला? मशीन बंद पडलं की होडी प्रवाहाच्या ताब्यात जाते, आणि वारा असला तर खांब दूर राहत नाही. मशीन असलेल्यालाही भरतीचं गणित चुकवता येत नाही. 2025च्या विसर्जनाला लालबागच्या राजासाठी यंत्राचा नवा तराफा आणला होता. भरतीची वेळ गाठली गेली नाही आणि राजा कित्येक तास पाण्यात थांबला, विसर्जन रात्री झालं. उधाणाला आपल्याकडे पाणी पाच मीटरपर्यंत चढतं, त्यापुढे पाच हॉर्सपॉवर काय आणि पन्नास काय.

आता घाई करू नकोस. पावसाचे दोन महिने हातात आहेत, होडी वर ओढलेलीच असेल. नारळी पौर्णिमेला मशीन लावून निघायचं ठरव. फळी कापण्याआधी मला तीन मापं कळव: मागच्या टोकापासून तीन फुटांवर होडीची रुंदी, तिथल्या काठाची जाडी, आणि काठापासून तळापर्यंतची उंची. उंची दोन्ही बाजूंनी घे, जुन्या होड्या एका अंगाला कलतात. दारुखान्यातल्या माणसाला तोवर पैसे देऊ नकोस.

तुझा,
मामा